गाळातले वाल

वाडीत कुणाच्या घरी वालाचं बिरडं झालं, आणि दाणा आख्खा दिसूनही जिभेवर नुसता दाबला की मोडला, तर जेवणारा एवढंच विचारायचा, "गोजरचे का?" वैशाखरे गावाच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला असलेल्या त्या वाडीत वाल सगळेच पेरायचे. बी मात्र गोजरच्या मडक्यातलं असायचं.

ते मूळ तिच्या सासूचं. बारीक दाणा, कडवट, कडेला पांढरी रेघ. सासू गेली तेव्हा गोजरच्या हातात दोन खाचरं आली, घर आलं आणि हे मडकं आलं. फाल्गुनात दाणे खडखडीत वाळवायचे, चुलीची गार राख चाळून त्यात मिसळायचे, मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचं आणि माळ्यावर चढवायचं. भात कापून झालं की लिंपण फोडायचं. किडका दाणा कोंबड्यांना. बाकीचं ज्याला हवं त्यानं सूप घेऊन यावं आणि सुगीला तेवढंच परत आणून घालावं. परत आणलेलं बी ओलसर असलं, तर ती आणणाऱ्याच्या समोर सूप उलटं करून अंगणात पसरायची. पुढच्या वर्षी तो माणूस वाळवूनच आणायचा.

तिचं माहेर शहापूरकडचं, भातसानगरच्या अलीकडचं. बाप धरणाच्या कामावर होता. ती मातीचं घमेलं उचलायला शिकली ती तिथंच. लग्न होऊन मुरबाडच्या बाजूला आली, तर इथंही वाडीच्या खालच्या ओढ्यावर एक लहान मातीचं धरण सुरू झालेलं. नवी नवरी आठवडाभरात चुंबळ घेऊन बांधावर गेली. घमेलं काठोकाठ भरायचं, शीग लावायची नाही, कारण शिगेची माती वाटेत सांडते आणि ती उचलल्याचे श्रम फुकट जातात. भरलेलं घमेलं अर्ध्या वाटेत खाली ठेवायचं नाही. ठेवलं की उचलून द्यायला दुसरं माणूस लागतं, म्हणजे दोघांचं काम थांबतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मानेनं आणि कमरेनं शिकवलं होतं.

धरण झालं. पावसाळ्यात भरायचं, दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की उतरायचं. पाणी उतरलं की मागे गाळ उघडा पडायचा, लोण्यासारखा मऊ. त्या गाळात वाडीतल्या बायका वाल टोचायच्या. खत नको, पाणी नको. नुसत्या ओलीवर शेंग भरायची. ही गाळपेर कधी करायची, तेही गोजरच सांगायची. ती उघड्या पायानं गाळात उतरायची. घोटा रुतला तर थांबायचं. नुसता अंगठा रुतला तर पेरायचं. टाच वाजली तर उशीर झाला.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती इतकी धडधडीत की कुणी कधी बोलून दाखवली नव्हती. उतरलेलं पाणी पुढचा पाऊस पडेपर्यंत वर येत नाही. तीसेक वर्षं ते कधी आलं नव्हतं.

मग डोंगरातला प्रकल्प आला.

घाटाच्या वर, पठारावर, एक नवा तलाव बांधला. खालच्या जुन्या धरणाचा बांध उंच केला. दोन्हींच्या मधे डोंगर पोखरून मोठा बोगदा पाडला आणि पोटात यंत्रं बसवली. वाडीतली बरीच पोरं तिथं लागली. गोजरचा मुलगा दिपेश खडक फोडायच्या ड्रिलवर होता. इथलं काम संपल्यावर ठेकेदारानं त्याला परदेशात नेलं. तिथं दुबईकडच्या उघड्याबोडक्या डोंगरातही असाच वर एक तलाव, खाली एक तलाव चालला होता.

घरात एक खोली रिकामी झाली. तिथं कुणाली राहायला आली. शहापूरची पोर, डिप्लोमा करून प्रकल्पाच्या आतल्या यंत्रघरात पाळीवर लागलेली. आई शेती बघायची, बाप रोज कल्याणला जायचा. पहिल्याच दिवशी तिनं खोलीची जमीन स्वतः सारवून घेतली. गोजरनं ते दारातून बघितलं आणि तिच्या ताटात एक भाकरी जास्त पडू लागली.

"ते पाणी वर चढवता आणि परत खाली सोडता," गोजरनं एकदा तिला विचारलं. "मग चढवलंत कशाला? पयलं खाली होतं तर खालीच ठेवायचं."

"मावशी, दुपारी ऊन असतं ना, तेव्हा सोलरची वीज लय तयार होते. राजस्थानात, गुजरातेत, सोलापूरकडं. तेव्हा तेवढी लागत नाय. त्या विजेनं आमी पाणी वर ढकलतो. दिवेलागणीला ऊन गेलं की सगळ्यांना एकदम वीज पायजे. तेव्हा तेच पाणी खाली सोडायचं. चक्र फिरतं, वीज होते."

"जेवढी घातली तेवढी परत मिळते?"

"नाय. शंभर घातली तर पाऊणशे, फार तर ऐंशी."

"मग तोटाच गो."

"तोटा आहे. पण दुपारची संध्याकाळी मिळते ना. जगात जिथं जिथं डोंगर आहे तिथं असंच करतात. जिथं डोंगर नाय तिथं बॅटऱ्या ठेवतात, कपाटं कपाटं भरून. त्यांतही थोडी जातेच."

गोजरनं माळ्याकडं बघितलं. "आमचं पण तसंच. ठेवले तेवढे कुठं उगवतात? पण पेरायच्या दिवशी हातात असतात."

कुणाली हसली. "तुमाला आता यंत्रघरात पाळीवर घ्यायला पायजे."

"रात्रीची पाळी नको हां. मला झोप येते."

प्रकल्प चालू झाल्यावर खालच्या धरणाचं रूपच बदललं. दुपारी पाणी वरच्या तलावात गेलं की इथली पातळी उतरायची, संध्याकाळी चढायची. भोंगा झाला की समजायचं, आता पाणी येतंय. काठाला काटेरी तार लागली आणि लखमा नावाचा पहारेकरी बसला. गाळपेर संपली. बायकांनी थोडी कुरकुर केली आणि भात कापलेल्या खाचरांत वाल पेरायला लागल्या. तिथंही यायचे. गाळातल्यासारखे नाही, पण यायचे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस परतायलाच तयार नव्हता. उभं भात आडवं झालं. कापणी लांबली. खाचरात भात पडलेलं, वाल पेरायचे कुठं? आणि नेमकी त्याच दिवसांत डोंगरातली यंत्रं थांबली. एक यंत्र खोलून ठेवलं होतं, दुसरंही बंद. पाणी सगळं वरच्या तलावात. खालचं धरण तळाला गेलेलं आणि बाजूनं गाळ उघडा पडलेला. काळाभोर, ओला.

गोजर तारेपाशी उभी राहिली. लखमा तिच्या ओळखीचा, बाजूच्याच पाड्यावरचा.

"किती दिवस रे बंद?"

"लांबचं काम हाय म्हणतात, काकी. बाहेरून सामान यायचंय. वाटाण्याएवढं काय तरी, पण ते जपानातच मिळतं."

"पावसापर्यंत?"

"तसंच समजा."

त्यानं 'तसंच समजा' म्हटलं आणि तिनं तसंच समजलं. लखमाला दोष द्यायला जागा नव्हती. तो यंत्राचं बोलत होता, ती पाण्याचं ऐकत होती. तीस वर्षांची सवय तिच्या पायात होती. ती तारेखालून वाकून आत गेली, वहाणा हातात घेतल्या आणि गाळात पाय ठेवला. अंगठा रुतला. घोटा रुतला नाही.

त्या वर्षी तिनं मडकं पूर्ण रिकामं केलं. एरवी ती तळाला ओंजळभर ठेवायची. पण बायका मागे लागल्या होत्या, सगळ्यांच्या खाचरांत भात लोळत होतं आणि गाळ वाट बघत नसतो. वाडीतल्या सगळ्या घरांचं बी त्या एका पट्ट्यात गेलं. कुणाली तेव्हा इथं नव्हती. दुसऱ्या राज्यातल्या अशाच एका प्रकल्पावर तिला शिकायला धाडलं होतं.

ती परत आली तेव्हा वाल वीतभर झाले होते. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं खाली धरणाकडं बघितलं आणि बॅग तशीच अंगणात टाकली.

"मावशी, ते हिरवं काय आहे?"

"वाल. असे आल्येत ना, तू बघशील तर…"

"मावशी, यंत्र जोडून झालं. या रविवारी चाचणी आहे. पाणी खाली येणार."

गोजर सुपानं पाखडत होती. हात थांबला नाही, पण पुढचे दोन झोके रिकामेच गेले.

"पाऊस नसताना?"

"पावसाचा काय संबंध, मावशी? वर आहे ना पाणी. सगळं वरच आहे."

तेव्हा तिला कळलं. तिला माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षं रोज ते पाणी चढता-उतरताना बघत होती. कुणालीकडून सगळं समजून घेतलं होतं. डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं. आणि पेरायला ती पायाचं ऐकून गेली होती.

"थांबवता येईल?" तिनं विचारलं. "शेंग भरेस्तोवर?"

कुणालीनं खोटी आशा दाखवली नाही. "पाणी कधी सोडायचं ते इथं ठरत नाय. सगळ्या राज्याची वीज जिथून वाटतात तिथून फोन येतो. तरी साहेबांना विचारते."

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आली ती उत्तर घेऊनच. "थांबणार नाय. पण रविवारी एकच यंत्र चालवणार आहेत, थोडा वेळ. पाणी खालच्या अर्ध्या पट्ट्यापर्यंत येईल. वरचा अर्धा सोमवारी संध्याकाळी जाईल. आणि साहेब म्हणाले, रविवारी भोंगा व्हायच्या आधी सगळी माणसं तारेबाहेर पायजेत. तेवढं मी शब्द देऊन आल्येय. माझी नोकरी आहे त्याच्यावर."

"तुझा शब्द आमी मोडणार नाय," गोजर म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी अंगणात चार-पाच घरची माणसं जमली. गोजरचा नवरा जयराम ओटीवर विडी ओढत बसला होता. जनाबाई, गोजरची थोरली जाऊ, खांबाला टेकून उभी होती. रघू हा तिचा मुलगा, घरात वाकून यावं लागेल इतका उंच, दारातच उभा.

"गेले तर गेले," जनाबाई म्हणाली. "मुरबाडच्या बाजारात बी काय कमी हाय?"

"ते शिजवून बघितलेस?" गोजरनं विचारलं.

"बघितले. दोन शिट्ट्या जास्त लागतात."

"दोन? मागच्या खेपेला तुझा कुकर वाजून वाजून दमला. मला वाटलं, प्रकल्पाचाच भोंगा."

सगळे हसले, जनाबाईसुद्धा. हसणं विरल्यावर गोजर म्हणाली, "उचलून वर आणायचे. खाचरात लावायचे."

जयरामनं विडी विझवली. "वाल उपटून लावलेला कधी जगलाय? भात हाय का ते? त्याचं मूळ हललं की झालं."

"मूळ हलवायचं नाय."

"मग काय जमीन उचलून आणणार?"

"हां," गोजर म्हणाली. "जमीनच."

तो रघूकडं वळून म्हणाला, "हिनं डोक्यावरून धरण वाहिलंय ना. हिला वाटतं, सगळंच डोक्यावरून नेता येतं."

पण गोजरनं दुपारी खाली जाऊन बघितलं होतं. गाळ वरून सुकायला लागला होता आणि सुकताना नेहमीसारखा फुटला होता. चहूबाजूंनी भेगा, मधे परातीएवढ्या लाद्या. प्रत्येक लादीत तीन-चार रोपं. भेगांनी मुळं आधीच वेगळी करून ठेवली होती. लादी खालून अजून ओली होती, म्हणजे सुटणार होती. तव्यावरून भाकरी काढायची तशी ती अख्खी काढायची, इतकंच.

शनिवारी उजाडायला सगळी खाली उतरली. लखमानं तार उचलून धरली. घराच्या जुन्या पत्र्याचे तुकडे कापून आणले होते. गोजरनं पहिली लादी स्वतः काढली. भेगेत पत्रा तिरका घातला, दोन्ही हातांनी दाबत पुढं सरकवला, लादी डुलली तसं थांबून दुसऱ्या बाजूनं घातला. मग उचलली. गाळानं सोडताना हलकेच आवाज केला. रोपं जागची हलली नाहीत.

"अशी," ती म्हणाली. "हिसका मारायचा नाय."

जनाबाईनं तिच्यापाठोपाठ एक लादी काढली, पण ती कडेला मोडली आणि एक रोप तिच्या हातात आलं. आणि तिचा हात, आयुष्यभर भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, उपटलेला हात, आपोआप चालला. तिनं रोपाचं मूळ पायावर दोनदा आपटलं, माती झाडली आणि जुडी बांधायला दुसरं रोप शोधू लागली.

"अगो, आवण हाय का ते!" गोजर ओरडली.

जनाबाईनं हातातल्या उघड्या मुळाकडं बघितलं. "हातच गेला गो."

"तुझा हात, माझा पाय. दोघी सारख्याच. ते टाक आणि पत्रा धर."

मग काम लागलं. ओली लादी उचलणं निराळं आणि वाहणं निराळं. मातीचं घमेलं डोक्यावर बसतं. लादी बसत नाही, ती हलते, आणि वाहणारा अडखळला की मधोमध मोडते. म्हणून चुंबळ रुंद केली, वर परात ठेवली, परातीत पेंढा, पेंढ्यावर लादी. काठाचा चढ उभा. त्यावर पाय तिरका टाकायचा, पूर्ण टाच टेकली की मगच दुसरा उचलायचा. मान बोलत नाही, कंबर बोलते. तिथं कंबरेचं ऐकून थांबायचं नाही, वेग कमी करायचा. रघूनं सुरुवातीला दोन पराती एकावर एक घेतल्या. वरची चढावर सरकली. लादी फुटली. तो खजील होऊन खाली आला.

"ताकद दाखवायला आलास का वाल आणायला?" गोजरनं विचारलं.

"वाल आणायला, काकी."

"मग एक घे."

तिनं खालचा पट्टा आधी घेतला. वरचे वाल जास्त टवटवीत होते आणि जवळही होते, त्यामुळे सगळ्यांचे हात तिकडं वळत होते. ती वळू देत नव्हती. "वरच्यांना सोमवार हाय. खालच्यांना नाय."

पहिली परात घेऊन ती खाचराशी पोचली, तर जयराम तिथं होता. भात झोडून मोकळ्या झालेल्या खाचरात त्यानं खड्डे काढून ठेवले होते, ओळीत. जमीन सुकून कडक झालेली, पहारीशिवाय हलत नव्हती. अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटलेला. म्हणजे तो उजाडायच्या आधीपासून तिथं असणार.

"वाल जगत नाय म्हणालात ना?" ती म्हणाली.

"जगत नायच," तो म्हणाला. "पण खड्डा नीट नसला तर तू मला बोलशील. नंतर."

त्यानं लादी तिच्या डोक्यावरून उतरवून घेतली. खड्ड्यात ठेवली, कडेनं माती दाबली. खड्डा लादीच्या मापाचा होता, बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही. तिनं ते बघितलं. रिकामी परात घेऊन परत खाली गेली.

रविवारी दुपारपर्यंत खालचा पट्टा जवळजवळ रिकामा झाला. कुणाली सुट्टी असून आली. परात तिला जमली नाही. पहिल्याच चढावर मान लचकली, मग तिनं पत्रा घेतला आणि लाद्या सोडवत बसली. तिला ते छान जमलं. भोंग्याला बराच वेळ होता, तेव्हाच ती घड्याळ बघून उभी राहिली.

"मावशी, आता बाहेर."

खाली तळाकडं अजून थोड्या लाद्या उरल्या होत्या. हिरव्यागार. गोजरनं एकदा बघितलं. तीन-चार खेपा झाल्या असत्या. ती वाकली, पत्रा उचलला, पुसला आणि चढायला लागली. तारेबाहेर येऊन सगळ्यांची डोकी मोजली. शब्द दिला होता.

भोंगा झाला. डोंगराच्या पायथ्याशी, बोगद्याच्या तोंडातून पाणी आलं. नुसतं पसरत आलं, घाई न करता. भेगांतून आधी शिरलं. लाद्या काळ्या पडल्या, मग चकाकल्या, मग दिसेनाशा झाल्या. वालाची पानं थोडा वेळ पाण्यावर डुलली. जनाबाईनं पदर तोंडाला लावला.

"उद्या वरचा पट्टा," गोजर म्हणाली. "सगळ्यांनी जेवून झोपा. उजाडायला यायचंय."

सोमवारी तो अर्धाही वर आला, फुटलेल्या सोडून.

पुढचे दिवस वाईट गेले. लावलेल्या वालांनी माना टाकल्या. खाचरातली जमीन कोरडी, लादी ओली, आणि कोरडी जमीन लादीतली ओल शोषून घेत होती. पाणी घालायला हवं होतं. विहीर वाडीच्या पलीकडं. एका हंड्यात चार-पाच लाद्याच भिजायच्या. पोचेपर्यंत कमरेचा काटा ढिला व्हायचा. निम्मी रोपं पिवळी पडली.

दिपेशचा फोन आला, तर कुणालीनं त्याला व्हिडिओवर खाचर दाखवलं.

"आये, हे काय, लाद्या बसवल्यास का काय शेतात?"

"हसू नको. तिथं तुमच्या धरणात काय पेरतात?"

"इथं? इथं गवत पण नाय गो. नुसता दगड. पाणी समुद्राचं आणून गोडं करतात, मग तेच वर-खाली, वर-खाली."

"काठावर कोणी नाय?"

"संध्याकाळी लोक बघायला येतात. पाणी काठाला लागतं ना तेव्हा. फोटो काढतात."

गोजरनं फोन कुणालीच्या हातात दिला आणि बांधावर जाऊन उभी राहिली. दिवेलागण होत होती. भोंगा होऊन गेला होता. खाली धरणाचं पाणी चढत होतं, रोजच्यासारखं. चढत चढत ते जुन्या दगडी पायऱ्यांशी आलं. धरण बांधलं तेव्हा कपडे धुवायला काढलेल्या पायऱ्या, तार लावताना मोकळ्या सोडलेल्या. त्या पायऱ्या तिच्या खाचरापासून हाकेवर होत्या. दुपारी बघावं तर पाणी पार खोल, बघून मान दुखेल इतकं. संध्याकाळी ते आपणहून इतक्या जवळ यायचं, आणि ती विहिरीवर जात होती.

"कुणाली," तिनं हाक मारली. "हे पाणी वर यायचं चुकतं का कधी?"

"संध्याकाळी? आता नाय चुकत. संध्याकाळीच तर लोकांना वीज पायजे असते."

"पायऱ्यांवरून दोरीनं घेतलं तर चालेल?"

कुणालीनं लखमाला हाक मारून विचारलं. लखमा म्हणाला, पायऱ्या वाडीच्याच, तारेच्या बाहेरच्या, खाली उतरू नका म्हणजे झालं. मग तोच दोर आणि डबा घेऊन आला. त्याला 'तसंच समजा' अजून आठवत असावं.

त्या दिवसापासून विहिरीची वाट सुटली. मुंबईकडं दिवे लागायचे, पाणी पायरीला यायचं, जयराम दोरानं डबा ओढायचा आणि गोजर लाद्यांना पाणी द्यायची. लादीच्या मधोमध नाही, कडेच्या सांध्यात, म्हणजे मूळ बाहेर शोधायला निघतं. पौष निम्मा झाला तेव्हा काही रोपांनी नवं पान काढलं. मग फूल. सगळ्यांनी नाही. पण जगलेल्यांनी मागं वळून बघितलं नाही.

"वाल जगत नाय," एका संध्याकाळी जयराम डबा रिकामा करत म्हणाला.

"नायच जगत," गोजर म्हणाली. "ओढा डबा."

त्या वर्षी वाडीत कुणाच्याही घरी बिरडं झालं नाही. ओली शेंगसुद्धा कुणी तोडली नाही. रघूनं एकदा चार शेंगा चोरून भाजल्या. जनाबाईनं त्याला दारात उभं करून वाडीला ऐकू जाईल असं झापलं. फाल्गुनात शेंगा उतरल्या, सुकल्या, झोडल्या. नेहमी मडकं गळ्यापर्यंत भरायचं. या खेपेला निम्म्याच्या खाली राहिलं. गोजरनं हात आत घालून दाणे वर-खाली केले. बारीक दाणा, कडेला पांढरी रेघ. तेच.

ती राख चाळायला बसली आणि तिनं जनाबाईला हाक मारली. "तुझं मडकं आण."

"मला कशाला? तुझ्यातलंच तर नेतो आमी."

"आण म्हणते ना. सगळं माझ्याच माळ्यावर नको. थोडं तुझ्याकडं, थोडं खालच्या आळीत. आणि कुणी पण पेरलं तरी मूठभर मागं ठेवायचं."

जनाबाई मडकं घेऊन आली. गोजरनं दाणे मोजले नाहीत, ओंजळीनं घातले, राख मिसळली आणि तोंड लिंपायला शेणमाती पुढं सरकवली. "हे तू कर. पातळ लावू नको, भेग पडते."

कुणाली पाळीवरून आली. दुसऱ्या दिवशी ती सुट्टीवर शहापूरला जाणार होती. गोजरनं एका जुन्या फडक्यात राखेसकट दाणे बांधले आणि तिच्या हातात दिले.

"आईला दे. तुमच्या खाचरात पेरायला सांग, भात कापलं की लगेच, ओल हाय तोवर. आणि पुढच्या सालचं बी मला आणून दाखवायचं, वाळवून."

कुणालीनं गाठोडं हातावर तोललं. "एवढे छान वाल, मावशी. आई लगेच बिरड्याला भिजत घालेल."

"घालू दे," गोजर म्हणाली आणि हाताची राख झटकली. "मग तू तुझी बॅग घेऊनच जा. खोलीत मी मडकी ठेवते."

खाली भोंगा झाला. जयराम सवयीनं डबा-दोर घ्यायला उठला. खाचर रिकामं होतं. पाणी द्यायला काहीच नव्हतं. तो तसाच दोर हातात घेऊन उभा राहिला.

"आता कुठं?" गोजरनं विचारलं.

"पाणी आलंय ना," तो म्हणाला. "परसातल्या वांग्यांना घालतो."